सामाईक बेंबी

मोरवंडच्या अण्णा तांबटांचं उजवं अंग खाजगी दवाखान्याकडं गेलं आणि डावं सरकारी दवाखान्याकडं राहिलं, याचं गावात कुणी फारसं नवल केलं नाही. मुलगे दोन आणि बाप एक म्हटल्यावर दुसरं काय होणार, असं लोक म्हणाले आणि आपापल्या कामाला लागले.

त्याचं असं झालं. त्या साली देशात नवा कायदा आला. दवाखान्यांच्या पद्धती दोन, एक सरकारी आणि एक खाजगी, आणि प्रत्येक माणसानं त्यातली एकच धरायची. खोकल्याला सरकारी आणि ऑपरेशनला खाजगी, किंवा गाठीला होतं तोवर खाजगी आणि संपलं की सरकारी, असली धरसोड यापुढं चालणार नव्हती. ज्याचं त्याला ठरवता येत नसेल त्याचं वारसांनी एकमतानं ठरवावं, आणि एकमत होत नसेल तर समान वाटणी करावी, असंही कायद्यात होतं. वाटणी कशाची, ते लिहिलेलं नव्हतं. लिहिणाऱ्याला ते उघडच वाटलं असेल.

अण्णांना ठरवता येत नव्हतं असं नाही. माणूस चांगला खणखणीत होता. जन्मभर तांब्याचे हंडे ठोकले, ऐकू थोडं कमी येत होतं एवढंच. पण सरकारी म्हणावं तर थोरला रुसणार आणि खाजगी म्हणावं तर धाकटा. आधीच घरात काय कमी होतं. घराची वाटणी झाली तेव्हा न्हाणीघर कुणाकडं जावं यावरून दोघा भावांचं बोलणं तुटलं होतं, ते जोडलंच नव्हतं. मधे भिंत आली होती. थोरला श्रीरंग भिंतीच्या उजवीकडं, धाकटा दिगंबर डावीकडं. अण्णांकडं दोघं येत, पण पाळीनं. एक उठून गेल्याशिवाय दुसरा उंबरा ओलांडत नसे.

अण्णांच्या मनात आता एकच होतं. बायको गेली होती, धंदा मोडला होता, देवानं दिलं ते पुष्कळ दिलं होतं. मरायच्या आधी दोन्ही पोरं एकदा एका वेळी आपल्याजवळ बसलेली बघावीत, बस. हे त्यांनी कुणाला सांगितलं नाही. थोरल्याला सांगावं तर तो म्हणणार, त्याला सांगा. धाकट्याला सांगावं तर तोही तेच म्हणणार.

श्रीरंग ट्रॅक्टरच्या शोरूममध्ये हिशेबनीस होता आणि त्याचं मत खाजगीला होतं. दिगंबर नगरपालिकेत पाण्याचे व्हॉल्व्ह उघडायच्या कामावर होता आणि त्याचं मत सरकारीला होतं. कायद्याची मुदत संपत आली तेव्हा दोघांना नाइलाजानं एका ओट्यावर उभं राहावं लागलं, पण तेही एकमेकांकडं पाठ करून. बोलायचं ते अण्णांशी.

"अण्णा, त्याला सांगा," श्रीरंग म्हणाला, "सरकारी दवाखान्यात माणूस रांगेतच बरा होतो, नाहीतर रांगेतच जातो."

"अण्णा, त्याला सांगा, खाजगीत धडधाकट माणूस गेला तरी काहीतरी निघतं. निघाल्याशिवाय सोडतच नाहीत."

"निघतं तर निघू दे म्हणावं. कळतं तरी. तुमच्याकडं मशीन असतं आणि मशीनवर चादर असते."

"चादर तरी फुकट असते म्हणावं."

मधे बसलेल्या अण्णांनी कुणालाच काही सांगितलं नाही. पंचाईत अशी होती की दोघंही खरं बोलत होते. एकजण खोटं बोलत असता तर भांडण लवकर मिटलं असतं.

शेवटी बळवंतकाकांना बोलावलं. मोरवंडात वाटणी म्हटली की बळवंतकाका. विहिरी, चिंचेची झाडं, देवीच्या पूजेच्या पाळ्या, लग्नातली मोठी पातेली, सगळं त्यांच्या हातून वाटलं गेलेलं. त्यांनी केलेली वाटणी कधी कोर्टात गेली नाही, ही त्यांची शान. त्यांनी ऐकून घेतलं, कायदा दोनदा वाचून घेतला आणि म्हणाले, "समान म्हटलंय ना. मग सोपं आहे. त्रिंबक, उठून भिंतीला टेकून उभा राहा." अण्णांना नावानं हाक मारणारे गावात ते एकटेच उरले होते.

गवंड्याचा ओळंबा आणला. बळवंतकाकांनी दोरी अण्णांच्या टाळूवर धरली, ती नाकावरून, हनुवटीवरून, छातीच्या मधल्या हाडावरून खाली सोडली. लंबक पायांच्या मधोमध थांबला. उजवं अंग श्रीरंगचं, म्हणजे खाजगी. डावं दिगंबरचं, म्हणजे सरकारी.

"हृदय डावीकडं गेलं काका," श्रीरंग म्हणाला. "ही काय समान वाटणी?"

"तुझ्याकडं यकृत आलं. आणि हंडे ठोकायचा हात आला."

"ठोकायचा हात आता काय कामाचा?"

बळवंतकाकांनी विचार केला. वाटणीत एकाला बांधाकडची पट्टी गेली की दुसऱ्याला एखादं झाड जास्त देतात. तसं त्यांनी अण्णांची कवळी पूर्ण श्रीरंगला दिली. दिगंबर म्हणाला, मग चष्मा आम्हाला. चष्मा त्याच्याकडं गेला. दोघांचं समाधान झालं आणि त्या दिवसापासून अण्णा जेवायचे खाजगीत आणि बघायचे सरकारीत.

"आणि बेंबी?" अण्णांनी विचारलं. एवढ्या वेळात ते पहिल्यांदाच बोलले.

ओळंब्याची दोरी बेंबीच्या बरोबर मधून जात होती. बळवंतकाकांनी खाली वाकून पाहिलं. "बेंबी सामाईक," ते म्हणाले. "विहीर सामाईक असते ना, तशी. बेंबी कोण वाटून घेतं? तिथं दुखायचंय काय?"

माणसानं असं बोलू नये. पावसाळा सरता सरता अण्णांची बेंबी फुगायला लागली.

आधी लिंबाएवढी, मग खोकलं की संत्र्याएवढी. पहिल्यांदा ते डावीकडून गेले, कारण डावीकडं चालत जाता येत होतं. सरकारी दवाखान्यात डॉक्टर वाघमोडे होत्या. बाई दिसायला कडक. समोर एवढी माणसं की मान वर करायची सोय नाही. त्यांनी बोट लावलं, अण्णांना खोकायला सांगितलं, आणि पुढच्या पेशंटला "जीभ दाखव" म्हणता म्हणताच निदान केलं. "हर्निया आहे आजोबा. आतडं वर येतंय. आत्ता दाबलं की आत जातं. ज्या दिवशी आत जाणार नाही त्या दिवशी अडकलं समजा, मग जिवाशी खेळ आहे. ऑपरेशन करायला हवं."

"मग करा बाई."

"अर्धंच करता येईल. मधल्या रेघेपलीकडं माझा हात जात नाही."

तिथून श्रीरंग त्यांना उजवीकडं घेऊन गेला. खाजगी दवाखान्यात आत शिरल्यावर घाम वाळतो तो वाळतोच. एका मुलीनं अण्णांना "सर" म्हटलं. अण्णांनी मागं वळून पाहिलं, मागं कुणी नव्हतं. उजव्या अंगाचे फोटो काढले, रक्त काढलं, उजवा डोळा तपासला, उजवं पाऊल कशासाठी तरी कोमट पाण्यात ठेवलं. सगळं नीट, हसतमुखानं आणि न धक्का लावता. डॉक्टर सबनीस स्वतः खुर्ची ओढून अण्णांच्या जवळ बसले, त्यांचं सगळं ऐकून घेतलं. आजवर कुठल्या डॉक्टरनं अण्णांना हंड्यांबद्दल विचारलं नव्हतं, यांनी विचारलं.

"आपल्याला हर्निया आहे असं मला वाटतं," ते शेवटी म्हणाले. "पण कंपनीची मंजुरी आल्याशिवाय मला तसं म्हणता येत नाही."

कंपनी म्हणजे खाजगी पद्धतीचं मोठं ऑफिस, ते शहरात होतं. कशाला हात लावायचा आणि कशाला नाही, ते तिथून ठरायचं.

नशिबानं मोरवंडात दोन्ही दवाखाने पाठीला पाठ लावून होते. दोन्ही डॉक्टरांनी आपापल्या वरिष्ठांना कळवलं, वरिष्ठांनी एकमेकांना कळवलं, आणि मधली भिंत माणूसभर फोडून तिथं अण्णांची खाट लावली. उजवी बाजू खाजगीत, डावी सरकारीत. खाजगीकडची गादी बटण दाबलं की वर व्हायची, सरकारीकडची होत नव्हती, त्यामुळं अण्णा थोडे कलते झोपत. उजवीकडं गारवा होता, पडदे होते, टीव्हीचा बारीक आवाज होता. डावीकडं पंखा होता, तो वारा कमी आणि आवाज जास्त करायचा. अण्णांच्या उजव्या पायात मोजा असे आणि डाव्या पायावर माशी.

डावीकडं सगळाच वॉर्ड भरलेला. अर्ध्या माणसाला पूर्ण खाट कशाला, असा रास्त प्रश्न निघाला आणि उरलेल्या जागेत दुसरा पेशंट घातला. तो दगडू साळोखे, बँडमध्ये क्लॅरोनेट वाजवणारा. छातीत कफ भरला होता म्हणून लग्नसराईआधी दुरुस्त व्हायला आला होता.

"सरका अण्णा जरा," तो आल्या आल्या म्हणाला.

"उजवीकडं सरकता येत नाही बाबा. तिकडं मंजुरी लागते."

"मग मी कुशीवर झोपतो. आपल्याला काय, लग्नात टेम्पोत झोपायची सवय आहे."

दगडूचं घर जवळ होतं. त्याची बायको भाकरी आणि लसणाची चटणी आणायची, ती अण्णांच्या डाव्या हातात ठेवायची. चावायची कवळी खाजगी, तिला तिखट चालत नव्हतं. उजवीकडून आहारतज्ज्ञ मुलगी येऊन सांगायची, "सर, आपल्याला फक्त सूप." अण्णा उजव्या हातानं सूप घ्यायचे आणि डाव्या हातानं भाकरी. दोन घरचा पाहुणा उपाशी म्हणतात, पण इथं तसं नव्हतं. उपाशी फक्त पोटाचा मधला भाग होता, त्याकडं कुणी बघत नव्हतं.

मुलगेही येत. श्रीरंग संध्याकाळी, भेटीची वेळ असायची तेव्हा. दिगंबर कधीही, कारण सरकारी दवाखान्यात नातेवाईक नसेल तर सलाइन संपल्याचं सांगायला कुणी नसतं. दिगंबर आलेला दिसला की श्रीरंग पडदा ओढून घ्यायचा. मग अण्णांना एका वेळी एकच मुलगा दिसायचा, आणि तोही त्या त्या डोळ्यानं.

एका सकाळी बेंबी आत गेली नाही.

डॉक्टर वाघमोड्यांनी डावीकडून दाबली, डॉक्टर सबनिसांनी उजवीकडून दाबली. ती दगडासारखी घट्ट झाली होती आणि अण्णांचा चेहरा दोन्ही बाजूंनी पांढरा पडला होता. दगडू स्वतःहून खाटेवरून उतरला आणि खाली सतरंजीवर बसला.

"आजच करायला हवं," डॉक्टर वाघमोडे म्हणाल्या. "माझ्याकडं भूल देणारे आज आलेले आहेत. ते आठवड्यातून एकदाच येतात, आणि दुपारी दुसऱ्या तालुक्याला जातात."

"माझ्याकडं भूल देणारे रोज असतात," डॉक्टर सबनीस म्हणाले. "पण मंजुरी नाही. कंपनी विचारते आहे की बेंबीच्या उजव्या बाजूला बेंबी म्हणता येईल का."

"म्हणा की."

"मी म्हणून काय उपयोग. वाटणीचा पुरावा मागतायत."

श्रीरंगनं बळवंतकाकांना स्कूटरवर घालून आणलं. शहरातल्या कंपनीतली बाई फोनवर होती, आवाज गोड होता. काका म्हणाले, "बाई, विहीर सामाईक असली की पाण्यावर नाव नसतं. ज्याची पाळी त्यानं उपसायचं. आज दोघांची पाळी आहे, एवढं समजा."

बाई म्हणाली, असा प्रकार त्यांच्याकडं बसत नाही.

"मग तुमच्याकडं काय बसतं?"

"मालमत्तेला धोका असेल तर बसतं."

काकांनी अण्णांकडं पाहिलं. म्हातारा ओठ चावत होता, आवाज करत नव्हता. काकांनी फोन तोंडाजवळ धरला. "आहे ना धोका," ते म्हणाले. "निम्मी मालमत्ता तुमची आहे. ती आज संध्याकाळपर्यंत टिकत नाही."

मंजुरी आली.

ऑपरेशन त्याच खाटेवर झालं. हलवायची सोय नव्हती. खाजगी भूलतज्ज्ञानं उजव्या बाजूला अशी भूल दिली की उजवा डोळा मिटला आणि उजवी बाजू शांत झोपली. सरकारी भूलतज्ज्ञानं पाठीत सुई मारून डावीकडं कमरेपासून बधिर केलं, पण झोपवलं नाही, तेवढं औषध शिल्लक नव्हतं. त्यामुळं अण्णांचा डावा डोळा उघडा होता आणि चष्मा सरकारी असल्यानं त्यांना स्वच्छ दिसत होतं.

दोन्ही डॉक्टर चांगले निघाले, हे सांगायलाच हवं. एकानं उजवीकडून धरलं, दुसरीनं डावीकडून. आतडं काळं पडायच्या बेतात होतं, ते दोघांनी मिळून आत सारलं. ते गुलाबी झालं तेव्हा दोघांनीही सुस्कारा टाकला. मग शिवायला घेतलं. डॉक्टर सबनिसांचा धागा निळा, परदेशी, आपोआप विरघळणारा. डॉक्टर वाघमोड्यांचा काळा, चिवट, नंतर कापून काढायचा. दोघं आपापल्या कडेनं टाके घालत मधे आले, आणि दोघांच्या हातात एकेक टोक उरलं.

"गाठ मारा," डॉक्टर सबनीस म्हणाले.

"तुम्ही मारा."

"मला सरकारी धाग्याला हात लावता येत नाही."

"मला खाजगी."

नर्सनाही लावता येत नव्हता. बळवंतकाकांना विचारलं. ते म्हणाले, सामाईक विहिरीवरची मोट दोन्ही हिस्सेदारांनी धरायची असते, पंचानं नाही.

दोन्ही मुलांना हात धुवायला लावून आत घेतलं. श्रीरंग उजवीकडून आला, दिगंबर डावीकडून. पडदा ओढायला या वेळी हात मोकळे नव्हते. श्रीरंगच्या हातात निळं टोक दिलं, दिगंबरच्या हातात काळं. दोघांनी टोकं एकमेकांत अडकवली. अण्णांचा डावा डोळा त्यांच्याकडं लागला होता.

"तू ओढतोयस," श्रीरंग म्हणाला.

दिगंबर अण्णांकडं बघून म्हणाला, "अण्णा, त्याला सांगा—" आणि थांबला. अण्णांच्या तोंडावर मास्क होता. "सैल सोड," तो श्रीरंगला म्हणाला. "सैल सोड म्हणजे बसेल."

गाठ बसली, पण राहीना. निळा धागा गुळगुळीत आणि काळा खरबरीत, सोडलं की सुटायची. दोन्ही डॉक्टरांनी पाहिलं, पुन्हा मारून पाहायला लावली, ती पुन्हा सुटली. मग त्यांनी सांगितलं की जखम भरेपर्यंत दोघांनी टोकं धरून बसावं. दुसरा उपाय दोन्ही पद्धतींच्या नियमांत नव्हता.

सरकारीत अडचण काहीच आली नाही. तिथं नातेवाईक चोवीस तास बसलेलेच असतात. खाजगीत भेटीच्या वेळेचा प्रश्न होता. तो डॉक्टर सबनिसांनी श्रीरंगला नातेवाईक न धरता उपकरण धरून सोडवला. उपकरण म्हणून त्याला दिवसातून दोनदा पुसलं जाऊ लागलं.

आणि असे ते दोघं बसले. एक गारव्यात, एक उकाड्यात, मधे बाप. सुरुवातीला बोलणं फक्त धाग्याचं. घट्ट झाला, सैल झाला, हात बदलतो थांब. पण माणूस किती वेळ धाग्यावर बोलणार? दिगंबरला घाम येतो हे पाहून श्रीरंगनं आपल्याकडचं गार वाऱ्याचं तोंड थोडं त्याच्याकडं वळवलं. श्रीरंगला भूक लागलीय हे पाहून दिगंबरनं दगडूच्या बायकोला एक भाकरी जास्त आणायला सांगितली. दगडू तोवर बरा होऊन घरी गेला होता, पण ती येत राहिली. शोरूममध्ये काय चाललंय, नगरपालिकेत कोण कुणावर उखडलंय, श्रीरंगच्या मुलीचं कुठं जमतंय, दिगंबरच्या बायकोला गुडघ्याचं काय झालंय, हे एका भिंतीच्या दोन बाजूंना राहून एकमेकांना माहीत नव्हतं, ते आता कळत होतं.

एकदा गावाला पाणी सोडायची वेळ झाली. दिगंबर उठला नाही तर अर्धं मोरवंड कोरडं. त्यानं काळ्या टोकाकडं पाहिलं, मग भावाकडं.

"धरतोस?"

"सरकारी आहे ना ते."

"असू दे."

श्रीरंग उंबऱ्याच्या जागी दोन्हीकडं एकेक पाय टाकून बसला आणि दोन्ही टोकं एकट्यानं धरली. डॉक्टर वाघमोडे तेवढ्यात फेरीवर आल्या. त्यांनी पाहिलं, आणि त्यांना अचानक दुसऱ्या पेशंटची नाडी बघायची आठवण झाली. अण्णांनी दोन्ही डोळे मिटले. असं सुख वाटत होतं की त्यांना झोप लागली नाही.

तुलना अधिकारी लोहोकरे आले ते याच सुमारास. सरकारनं त्यांना देशभर फिरून कुठली पद्धत चांगली ते ठरवायला नेमलं होतं. त्यांची आजवरची अडचण अशी, की खाजगीतला माणूस वेगळा, सरकारीतला वेगळा. एकाची प्रकृती मुळात चांगली, दुसऱ्याची वाईट. तुलना बरोबर होईना. अण्णांची हकीकत त्यांच्या कानावर गेली तेव्हा ते रात्रीच्या गाडीनं निघाले, म्हणतात. एकच वय, एकच पोट, एकच रोग, एकाच वेळी ऑपरेशन. असा पेशंट साऱ्या देशात दुसरा नव्हता.

त्यांनी उजवीकडची हवा मोजली, डावीकडची मोजली. उजवीकडं किती नम्रपणे बोलतात ते ऐकलं, डावीकडं किती लवकर कळतं ते पाहिलं. उजव्या चादरीचा वास घेतला. डावीकडं औषध फुकट मिळतं आणि कधीकधी मिळतच नाही, हेही टिपलं. मग म्हणाले, "हे सगळं ठीक आहे. पण शेवटी प्रश्न एकच. ज्या बाजूचं दुखणं आधी थांबेल ती पद्धत बरी. त्याप्रमाणं वर कळवतो. पुढं सगळ्या देशाला तीच."

मोरवंडात हे पसरायला वेळ लागला नाही. निकालाच्या सकाळी उजवीकडं माणसं खुर्च्यांवर बसली आणि डावीकडं उभी राहिली. बळवंतकाका कुठं जावं ते न कळून बाहेरच थांबले. दोन्ही डॉक्टरांनी आपापल्या बाजूनं पट्टी काढली. जखम छान भरून आली होती. रेघ एवढी बारीक की निळं कुठं संपतं आणि काळं कुठं सुरू होतं ते कळत नव्हतं.

"धागा आता काढता येईल," डॉक्टर सबनीस म्हणाले.

"हो," डॉक्टर वाघमोडे म्हणाल्या. "पेशंटचं दुखत नसेल तर."

अण्णांनी मान वळवली. दिगंबर पहाटे व्हॉल्व्ह उघडून आला होता, अंगात जागरण होतं. खाटेच्या कडेवर डोकं टेकून तो तोंड उघडं टाकून झोपला होता, लहानपणी झोपायचा तसा. त्याच्या हातातलं टोक केव्हाच सुटलेलं होतं. ते श्रीरंगनं धरलं होतं, आपल्या टोकाबरोबर. भावाची झोप मोडू नये म्हणून हात जराही न हलवता. धागा निघाला की दोघं उठणार, एक या दारानं आणि एक त्या दारानं. अण्णांच्या पोटात तुटलं. तो काही हर्निया नव्हता.

लोहोकरे वाकले. "बोला आजोबा. आधी कुठलं थांबलं? उजवं की डावं?"

"दुखतंय," अण्णा म्हणाले.

खुर्च्यांवरची माणसं पुढं झुकली आणि उभी होती ती टाचा उंचावून बघू लागली.

"कुठल्या बाजूला?"

"मधे."

लोहोकऱ्यांनी पेन थांबवलं. मधे म्हणजे सामाईक. सामाईकाचा निकाल कुणाच्याच बाजूनं धरता येत नाही, हे बाहेरून बळवंतकाकांनीही सांगितलं. लोहोकऱ्यांनी डॉक्टरांकडं पाहिलं. डॉक्टर सबनीस म्हणाले, त्यांच्या कडेपर्यंत सगळं उत्तम आहे, त्यापुढचं त्यांना म्हणता येत नाही. डॉक्टर वाघमोड्यांनी भरलेल्या रेघेवर बोट टेकवलं, चांगलं दाबलं, आणि अण्णांच्या तोंडाकडं पाहिलं. अण्णा पंख्याकडं बघत होते.

"दुखू शकतं," त्या म्हणाल्या. "धागा राहू दे."

"किती दिवस?"

"ते आत्ताच सांगता येत नाही."

लोहोकऱ्यांनी सामान आवरलं. तुलना पूर्ण झाली नाही, सबब दोन्ही पद्धती तूर्त आहेत तशा चालू राहतील, असं त्यांनी तिथंच जाहीर केलं. कुठल्याच बाजूला टाळ्या वाजल्या नाहीत. माणसं उठली, खुर्च्या सरकल्या, डावीकडं पुन्हा रांग लागली.

"मी परत येईन," लोहोकरे जाता जाता म्हणाले.

"या ना," श्रीरंग दबक्या आवाजात म्हणाला. "पण साहेब, जरा हळू बोला. आमचा दिगू झोपलाय."